सूट स्लॅगला होती, पिठाला नव्हती

हे प्रकरण कोल्हापूर भागातल्या एका ओतकाम कारखान्याचे, त्याच्या कचऱ्याचे आणि घातक कचऱ्याच्या नियमांतल्या सुटीचे आहे. कारखाना, गाव आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे मोघम केले आहेत. मी तेव्हा त्या कारखान्याचा पर्यावरण सल्लागार होतो. म्हणजे पुढे ज्या चुका येतील त्यातली पहिली माझीच.

पार्श्वभूमी

कोल्हापूरचे ओतकाम उसाच्या पाण्यावर वाढले. नदीचे पाणी शेतात चढवायला ऑइल इंजिने लागली, इंजिनांना बिडाचे भाग लागले, आणि भट्ट्या पेटल्या. आता त्याच भट्ट्यांतून ट्रॅक्टरचे आणि मोटारींचे भाग निघतात.

आपला कारखाना मधल्या आकाराचा. दोन इंडक्शन भट्ट्या, महिन्याला साधारण 600 टन ओतीव माल. त्यामागे महिन्याला पंधरा टनांच्या आसपास स्लॅग, म्हणजे वितळलेल्या धातूवर येणारी मळी, आणि साच्यांची दीडशे टन टाकाऊ वाळू निघायची. वाळू दोन जातींची. एक ग्रीन सँड, म्हणजे बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड घातलेली. दुसरी कोअरची, म्हणजे ओतीव भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात त्या गाभ्याची, फिनॉलिक रेझिनने बांधलेली. नॉकआउटला, म्हणजे ओतीव माल बाहेर काढताना, साचा फुटला की दोन्ही एकाच पट्ट्यावर पडायच्या आणि एकाच ढिगात जायच्या.

तिसरी एक गोष्ट होती, पण ती कुणाच्या मोजमापात नव्हती. दोन वर्षांपूर्वी भट्टीवर धूर ओढणारे हूड आणि तो कापडी पिशव्यांतून गाळणारा बॅग फिल्टर बसला होता. त्याआधी धूर छपरातून सरळ बाहेर जायचा. फिल्टर बसल्यावर शेडमधली हवा खरोखरच सुधारली. पिशव्यांत महिन्याला चार-पाचशे किलो करडी-पांढरी धूळ साठू लागली.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात, म्हणजे कारखाना चालवण्याच्या परवानगीत, कचऱ्याचे दोन तक्ते असतात, एक घातक नसलेल्याचा आणि एक घातक कचऱ्याचा. पहिल्यात स्लॅग आणि वाळू होती. दुसऱ्यात वापरलेले तेल (घातक कचरा नियमांतला प्रवर्ग 5.1) आणि रसायनांची रिकामी पिंपे (33.1). पिशवीतल्या धुळीची ओळ कुठल्याच तक्त्यात नव्हती, कारण कारखान्याने अर्जात ती लिहिलीच नव्हती. अर्ज माझ्या आधीच्या सल्लागाराने भरला होता हे खरे, पण त्यानंतरची दोन वार्षिक विवरणपत्रे माझ्या नजरेखालून गेली होती. बॅग फिल्टर दिसतो, आणि त्याच्या तळातून काय निघते हे विचारायचे सुचत नाही. असे होते.

तक्रार

गावच्या एका पाणंदीला भराव हवा होता. पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टरचे चाक रुतायचे, ऊसतोडीच्या वेळी गाडी निघायची नाही. मुरूम महाग, कारखान्याची वाळू-स्लॅग फुकट. दोघांची सोय झाली. सात महिने ट्रॉल्या पडत राहिल्या आणि साडेतीनशे मीटरची वाट छान उचलली गेली.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि पाणंदीच्या कडेच्या विहिरीला वास येऊ लागला. ती विहीर ज्यांची, त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांच्या शब्दांत तो ‘दवाखान्याचा वास’ होता. त्यांनी ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला, तिथून तो मंडळाच्या कार्यालयात गेला, क्षेत्र अधिकारी येऊन नमुने घेऊन गेले आणि कारखान्याला खुलासा मागणारे पत्र आले. मुदत सात दिवसांची.

आमचे पहिले उत्तर

ते मी लिहिले, आणि जागेवर न जाता लिहिले. सोबत तीन कागद जोडले: संमतिपत्राची प्रत, घातक कचरा नियमांतल्या स्लॅग वगळणाऱ्या टिपेची प्रत, आणि वर्षभरापूर्वीचा प्रयोगशाळेचा अहवाल, ज्यात ढिगातल्या मिश्र नमुन्यात शिसे, कॅडमियम, क्रोमियम सगळे मर्यादेच्या कितीतरी खाली होते. मजकुराचा सारांश एवढाच की स्लॅग घातक कचऱ्यातून वगळलेली आहे, वाळू चाचणीत उत्तीर्ण आहे, सबब कारखान्याचा विहिरीशी संबंध नाही.

कागदोपत्री त्यात एकही वाक्य खोटे नव्हते. पत्र गेल्यावर मालक खूश होते, मीही होतो. चौथ्या दिवशी आबा कारखान्याच्या गेटवर आले. हातात पाण्याने भरलेली कोल्ड्रिंकची बाटली.

“साहेब, कागद खरा आसंल तुमचा. पर हे पाणी एकदा तोंडात घिऊन बघा.”

मी तोंडात घेतले नाही. बाटली उघडली आणि मग दुपारी पाणंद बघायला गेलो.

नियमातली सूट नेमकी कुठवर

घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, 2016 मधली सूट एका जागी नाही. ती तीन वेगवेगळ्या दारांनी येते आणि या प्रकरणात तिन्ही दारे उघडी होती.

पहिले दार नियम 2 चे. जल कायदा 1974 आणि वायू कायदा 1981 यांखाली येणारे सांडपाणी आणि धूर या नियमांच्या बाहेर आहेत. तसाच किरणोत्सारी कचरा, जैववैद्यकीय कचरा, नागरी घनकचरा, आणि किनाऱ्याच्या आधाररेषेपासून पाच किलोमीटरपलीकडे जहाजांवर निघणारा कचराही बाहेर आहे. या प्रत्येकाला आपापला वेगळा कायदा आहे, म्हणून तो इथे नाही.

दुसरे दार अनुसूची-1, म्हणजे प्रक्रियावार घातक कचऱ्याची यादी, तिच्या खालच्या टिपेचे. फ्लाय ॲश, फॉस्फोजिप्सम, रेड मड, जॅरोसाइट, भट्टीतल्या धातुप्रक्रियेची स्लॅग, खाणीतली टेलिंग्ज आणि खनिज धुतल्यावर उरलेला गाळसाळ हे प्रमाणाने प्रचंड पण परिणामाने सौम्य, म्हणून घातक प्रवर्गातून वगळलेले. ‘सौम्य’ हा शब्द इथे बाकीच्या घातक कचऱ्याच्या तुलनेत आहे हे आपण विसरतो. वगळले म्हणजे मोकळे सोडले असेही नाही. फ्लाय ॲशसाठी 31 डिसेंबर 2021 ची स्वतंत्र अधिसूचना आहे आणि ती औष्णिक वीज केंद्रांना चांगलीच जाचते.

तिसरे दार कचऱ्याच्या व्याख्येतच आहे. जो अवशेष निर्माण झाला त्याच जागी पुन्हा वापरला जातो तो कचरा धरत नाहीत. मुद्दाम न बनवता बनणारा आणि जसाच्या तसा वापरला जाणारा पदार्थ उपउत्पादन ठरतो. तोही कचरा नाही.

आता आपल्या कारखान्याचा धूर बघा. तो भट्टीवरून उठून छपरातून बाहेर जात होता तोवर वायू कायद्याचा विषय, म्हणजे पहिल्या दाराने बाहेर. हूडने तो ओढला, पिशवीने अडवला, आणि तळाच्या डब्यात पडला त्या क्षणी तो वायू राहिला नाही. धूर होता तोवर सूट होती, धूळ झाला आणि सूट संपली. सांडपाण्याचेही तसेच असते. पाण्याला जल कायदा, पण प्रक्रियेनंतर तळाला बसलेला रासायनिक गाळ अनुसूची-1 मध्ये 35.3 म्हणून येतो, वायुशुद्धीकरणाचा अवशेष 35.1 म्हणून. ज्या दिवशी प्रदूषण-नियंत्रणाचे यंत्र बसते त्या दिवशी एका नव्या कचऱ्याचा जन्म होतो, आणि यंत्राच्या कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख नसतो.

पाणंदीत काय सापडले

पावसाने वाटेची एक कड खचली होती आणि भरावाचा आडवा छेद उघडा पडला होता. काळी वाळू, तिच्यात काचेसारखे चमकणारे स्लॅगचे खडे, पुन्हा काळी वाळू. आणि मध्येच दोन बोटे जाडीचा एक करडा-पांढरा थर. ओल्या सिमेंटसारखा, बोटाला लागला की मऊ, खडा एकही नाही. पुढे आठ-दहा हातांवर तसाच आणखी एक.

ट्रॉलीवाले मामा बरोबर होते. त्यांना विचारले.

“त्ये व्हय? त्ये पिशवीचं पीठ. शनवारी पिशव्या झाडत्यात. सुट्टं न्यावं तर वाऱ्यानं उडतंय, रस्त्यावरची माणसं शिव्या देत्यात. म्हणून खाली वाळू, मधी पीठ, वर वाळू.”

कारखान्यात सगळे त्याला पीठच म्हणत होते. मामांनी ते लपवण्यासाठी नव्हे तर उडू नये म्हणून मधे घातले होते. त्यांच्या जागी मी असतो तर तेच केले असते. पण वर्षभरापूर्वीचा तो उत्तीर्ण अहवाल मला तिथेच आठवला. तो नमुना ढिगाचा होता. महिन्याच्या एकशे पासष्ट टनांत साडेचारशे किलो म्हणजे हजारात तिनाहूनही कमी. कुठूनही मूठ भरा, पीठ हाती लागण्याची शक्यता नगण्य, आणि लागले तरी वाळू त्याला पातळ करून टाकणार.

नमुना कुठून घ्यायचा

हा पहिला खरा निर्णय. वर्क्स मॅनेजरांचे म्हणणे होते की नमुना पाणंदीतूनच घ्यावा, कारण तक्रार पाणंदीची आहे. मी आग्रह धरला की पिठाचा नमुना फिल्टरच्या तळातून, ग्रीन सँडचा सँड प्लँटवरून, कोअर वाळूचा वेगळा, स्लॅगचा भट्टीजवळून, असे प्रत्येक वस्तूचे जन्मस्थानी घ्यावेत. ढिगाची चाचणी ढिगाबद्दल सांगते, वस्तूबद्दल नाही.

मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत टीसीएलपी चाचणी झाली. ही चाचणी दिसायला साधी आहे. 100 ग्रॅम पदार्थ, त्यात त्याच्या वीसपट म्हणजे दोन लिटर असेटिक आम्लाचा सौम्य द्राव, बाटली यंत्राला लावून मिनिटाला 30 फेरे या वेगाने 18 तास उलटीपालटी फिरवायची. मग गाळून त्या पाण्यात काय उतरले ते मोजायचे. कचरा एखाद्या सामान्य कचरा डेपोत पडला तर आंबट पाण्यात त्यातून काय झिरपेल, याची ती नक्कल.

स्लॅग स्वच्छ. ग्रीन सँड स्वच्छ. कोअर वाळूत धातू नाहीत, पण फिनॉल होते. पिठातून शिसे निघाले 17 मिलिग्रॅम प्रति लिटर. घातक ठरण्याच्या मर्यादा ज्यात दिल्या आहेत त्या अनुसूची-2 ची मर्यादा 5. कॅडमियम 0.6, मर्यादा 1, म्हणजे थोडक्यात खाली.

शिसे आले कुठून, याचे उत्तर खरेदी विभागाच्या रजिस्टरमध्ये होते. पिग आयर्नचे, म्हणजे कच्च्या लोखंडाचे, भाव चढले तेव्हापासून कारखाना भंगार पत्र्याच्या दाबलेल्या गठ्ठ्या जास्त घेत होता, आणि त्यात जस्त चढवलेला पत्रा, जुना रंग, काय काय असायचे. जस्त 907 अंशांना उकळते आणि बीड त्याच्या कितीतरी वर, चौदाशे-पंधराशेला ओतले जाते. त्यामुळे भट्टीत चार्ज, म्हणजे वितळवायचा माल, टाकला की जस्त आधी पांढरा धूर होऊन निघते, आणि शिशाचाही काही भाग त्याच्यासोबत. कामगारांनी सांगितले की पूर्वी, हूड बसण्याआधी, गठ्ठ्यांची पाळी असली की रात्री कणकण यायची आणि सकाळी उतरायची. जस्ताच्या धुराच्या तापाचे ते ओळखीचे लक्षण आहे.

वर्क्स मॅनेजरांनी एक कायदेशीर मुद्दा काढला आणि तो पोकळ नव्हता. 35.1 हा प्रवर्ग ‘या अनुसूचीतल्या प्रक्रियांच्या’ वायुशुद्धीकरणाचा आहे. लोह-पोलाद उत्पादन अनुसूचीत 13 व्या क्रमांकावर आहे, पण भंगार वितळवून बीड ओतणे म्हणजे लोह ‘उत्पादन’ का? नसेल, तर 35.1 लागत नाही. यावर दिवसभर वाद घालता आला असता. पण घालायची गरज नव्हती. अनुसूची-1 मध्ये नाव नसले तरी अनुसूची-2 ची मर्यादा ओलांडली की कचरा घातक ठरतो. उलट बाजूही तशीच खुली आहे: अनुसूची-1 मध्ये नाव असले तरी अनुसूची-2 च्या आधारे तो घातक नाही हे दाखवायला मुभा आहे, आणि वाद झाला तर तो मंत्रालयाच्या तांत्रिक समितीकडे जातो. सतराच्या आकड्यापुढे तेराव्या क्रमांकाची चर्चा निरुपयोगी होती.

सांगायचे की नाही

अहवाल आला तेव्हा तो फक्त आमच्याकडे होता. मंडळाने नमुने घेतले होते ते विहिरीचे आणि वरवरच्या भरावाचे. पिठाबद्दल त्यांना काही माहीत नव्हते. मालकांनी केबिनचे दार लावून घेतले.

“म्हणजे आपणच जाऊन सांगायचं, की आम्ही हे टाकलं?”

त्यांचा प्रस्ताव असा होता की उद्यापासून पीठ वेगळे ठेवू, रीतसर विल्हेवाट लावू, झाले ते झाले. मी दोन गोष्टी त्यांच्यासमोर ठेवल्या. नियम 23 नुसार कचऱ्याच्या अयोग्य हाताळणीने पर्यावरणाचे किंवा तिसऱ्या व्यक्तीचे नुकसान झाले तर जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर येते, आणि पाणंद उद्या कुणीही खणू शकतो. दुसरे म्हणजे पीठ घातक कचरा म्हणून पाठवायचे तर प्राधिकारपत्रात, म्हणजे घातक कचरा हाताळण्याच्या मंडळाच्या परवानगीत, दुरुस्ती मागावी लागणार, आणि अर्जात ‘हा कचरा कधीपासून निघतो व आतापर्यंत कुठे गेला’ याला उत्तर द्यावेच लागेल. गप्प राहून दुरुस्ती करण्याची वाट मुळातच बंद होती.

ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी, मला वाटते आपल्या मुलीशी बोलल्यावर, म्हणाले, “लिहा.” आम्ही पहिला खुलासा मागे घेतला, अहवाल जोडला, आणि तीन महिन्यांचा कृती-आराखडा दिला. मंडळाने कारणे दाखवा नोटीस काढली आणि बँक हमी घेतली. मालकांनी मला त्याबद्दल आजपर्यंत काही ऐकवलेले नाही, पण चहा दोन महिने आला नाही.

पर्याय

पिठाचे पुढे काय करायचे यावर चार प्रस्ताव होते.

वर्क्स मॅनेजरांना तिसरे दार आवडले. पिठाच्या गोळ्या करून पुन्हा भट्टीत टाकू. निर्मितीच्या जागीच पुनर्वापर, म्हणजे कचराच नाही, प्राधिकारपत्र नको, वाहतूक नको. नियमाच्या भाषेत हे अगदी बसत होते. भट्टीच्या भाषेत बसत नव्हते. जस्त आणि शिसे पुन्हा उडून पुन्हा पिशवीतच येणार आणि प्रत्येक फेरीला पीठ आणखी जहाल होणार. त्याहून मोठे भय ओलाव्याचे. गोळी नीट सुकली नसेल आणि ती वितळलेल्या बिडाच्या पृष्ठाखाली गेली, तर पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि धातू भट्टीबाहेर उसळतो. भट्टीवर वीस वर्षे काढलेल्या मिस्त्रींनी हा पर्याय एका वाक्यात निकालात काढला: “मी त्या पाळीला येणार नाही.”

जवळच्या एका पेव्हर ब्लॉकवाल्याने ‘सिमेंटसारखं बारीक आहे’ म्हणून पीठ न्यायची तयारी दाखवली. इथे उपउत्पादनाचे दार खुणावत होते. पण कुणीतरी घ्यायला तयार आहे एवढ्याने वस्तू उपउत्पादन होत नाही. घातक कचरा दुसऱ्याच्या कामाला कच्चा माल म्हणून द्यायचा तर नियम 9 खाली परवानगी लागते, ती प्रमाणित कार्यपद्धतीवर मिळते. ती नसताना दिलेला प्रत्येक ब्लॉक कुठल्या अंगणात बसला याचा हिशेब कोण ठेवणार?

जस्त परत काढणाऱ्या पुनर्प्रक्रिया कारखान्यांना फोन केले. पिठात जस्त होते, पण त्यांच्या दृष्टीने कमी, आणि मालही कमी. चौकशी तिथेच संपली.

उरला रांजणगावचा घातक कचऱ्याचा सामाईक प्रक्रिया व साठवण प्रकल्प, पुणे ओलांडून. तिथे सिमेंट-चुन्याने शिसे बांधून सुरक्षित भूभरावात टाकतात. अडचण वाहतुकीची होती, पाचशे किलोसाठी गाडी परवडत नाही. साठवणीची मुदत एरवी 90 दिवसांची, पण वर्षाला दहा टनांपर्यंतच्या छोट्या निर्मात्याला मंडळ ती 180 दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते. आपले पीठ वर्षाला साडेपाच टन. वर्षाला दोन फेऱ्या बसल्या. हिशेब मांडला तेव्हा वर्षभराचा खर्च भट्ट्यांच्या एका दिवसाच्या वीजबिलाहून कमी निघाला. हा आकडा कुणीतरी दोन वर्षांपूर्वी काढायला हवा होता.

काय केले

पाणंद सगळी उकरायची का, हा शेवटचा अवघड निर्णय होता. आबांचे म्हणणे सगळी उकरा. बाकीच्या शेतकऱ्यांचे म्हणणे हात लावू नका, कार्तिकात ऊसतोड येणार, गाड्या कुठून न्यायच्या? शिवाय सगळे उकरले तर जे बसले आहे ते पुन्हा उडणार.

तोडगा एका साध्या गणिताने निघाला. टीसीएलपीमध्ये पदार्थाच्या वीसपट द्राव असतो. म्हणजे किलोमागे 100 मिलिग्रॅम शिसे असेल आणि ते सगळेच्या सगळे विरघळले, तरी द्रावात 5 मिलिग्रॅम प्रति लिटरच येणार. त्याहून कमी असलेला नमुना मर्यादा ओलांडूच शकत नाही. आम्ही हातात धरायचे, क्ष-किरणांनी जागेवरच धातूचे प्रमाण दाखवणारे एक्सआरएफ यंत्र भाड्याने आणले, दर दहा मीटरला खड्डा घेतला आणि थराथराला यंत्र लावले. किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या खाली ते राहू दिले. वर गेले तिथे चुना फक्की मारून खूण केली. खुणा दोन पट्ट्यांत आल्या, मिळून साठ-पासष्ट मीटर. मामांना शनिवारच्या ट्रॉल्या कुठे पडल्या हे बहुतेक आठवत होते; यंत्राने त्यांची स्मरणशक्ती तपासली असे म्हणणे जास्त खरे.

त्या पट्ट्यांत पाणी शिंपडून, यंत्राऐवजी फावड्याने, करडा थर आणि त्याच्या वर-खालची वीतभर वाळू काढली. सोळा टन निघाले. ते पिशव्यांत भरून, लेबल लावून, नमुना-10 च्या वाहतूक पावतीसह रांजणगावला गेले. खड्ड्यांत मुरूम पडला, आणि तो कारखान्याच्या पैशाने.

कारखान्यात पिठासाठी फिल्टरच्या तळालाच बंद तोंडाची पिशवी जोडली. कोअर वाळूला वेगळा पट्टा आणि छप्पर दिले. गठ्ठ्यांच्या खरेदीत जस्त चढवलेल्या पत्र्याचे प्रमाण कमी केले. पूर्ण बंद करणे भावाने जमले नाही.

काय झाले

विहिरीचा निकाल मजेशीर होता, मजा म्हणण्यासारखे त्यात काही नसले तरी. शिसे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमच्या आत. फिनॉल मात्र 0.004, जिथे भारतीय मानक जास्तीत जास्त 0.002 पर्यंत चालवून घेते. म्हणजे वास पिठाचा नव्हता, स्लॅगचाही नव्हता. तो कोअर वाळूच्या रेझिनचा होता, म्हणजे ज्या वाळूला आम्ही ‘चाचणीत उत्तीर्ण’ म्हटले होते तिचा. ती उत्तीर्ण होती धातूंच्या चाचणीत. फिनॉल आम्ही तपासलेच नव्हते.

पण 0.004 ला एवढा वास? उत्तर ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये सापडले. पावसाळा लागला की विहिरींत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरिनची ब्लीचिंग पावडर, टाकतात. क्लोरिन आणि फिनॉल भेटले की क्लोरोफिनॉल होतात आणि त्यांचा औषधी वास अगदी सूक्ष्म मात्रेतही नाकाला कळतो. ‘दवाखान्याचा वास’ हे आबांचे निदान रासायनिकदृष्ट्या अचूक होते. विहीर तीनदा उपसली, वाटेच्या त्या कडेची कोअर वाळू काढली, आबांच्या घराला नळजोडणीचा खर्च कारखान्याने दिला. पुढच्या पावसाळ्यानंतरच्या नमुन्यात फिनॉल सापडले नाही. आबा अजून ते पाणी पीत नाहीत, जनावरांना देतात.

आज पुन्हा करायचे तर

पहिला खुलासा मी सात दिवसांत पाठवणार नाही. मुदतवाढ मागेन आणि पाणंद चालत जाईन. सूट आहे असे लिहिण्याआधी, ज्या वस्तूला सूट आहे तीच वस्तू तिथे पडली आहे का, हे बघेन.

नव्या यंत्राच्या खरेदीआदेशावर सही होण्याआधी ‘यातून काय निघेल, कुठे जाईल’ असा एक रकाना भरून घेईन. आता दुसऱ्या कारखान्यांत घेतो, लोक कुरकुरतात.

चाचणीची यादी प्रयोगशाळेवर सोडणार नाही. ‘टीसीएलपी मेटल्स’ हा तयार संच स्वस्त पडतो आणि सगळे तोच मागवतात. वाळूत रेझिन आहे हे आम्हाला माहीत होते, प्रयोगशाळेला नव्हते.

आणि मामांना आधी विचारेन. संमतिपत्र, विवरणपत्र, अहवाल या सगळ्या कागदांत जे नव्हते ते त्यांना सात महिने ठाऊक होते. कुणी विचारले नव्हते इतकेच.

उरलेला हिशेब

फिल्टर बसून दोन वर्षे झाली होती, आणि पाणंदीवर ट्रॉल्या पडत होत्या त्यातले सातच महिने. त्याआधीचे सतरा महिने, म्हणजे साडेसात-आठ टन पीठ, तीन ठिकाणी गेले असे मामा सांगतात. एक जुनी दगडखाण. तिथे आम्ही यंत्र लावले, थर सापडला, काढला. दुसरी कारखान्याचीच मागची मोकळी जागा, तीही झाली. तिसऱ्या जागी एका घराच्या जोत्याखाली भराव म्हणून चार ट्रॉल्या गेल्या. त्यातली शनिवारची एखादी होती का, हे मामांना नक्की आठवत नाही. घरमालकांनी अंगणातून दोन नमुने घेऊ दिले, ते दोन्ही शंभराच्या खाली आले. जोत्याला भोक पाडायला ते तयार नाहीत. मंडळाला तसे लिहून कळवले आहे आणि बँक हमीचा तेवढा भाग अजून अडकून आहे.